सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आतून तपासणी बाकी असते: गर्भाशय, गर्भाशयमुख आणि अंडाशयाच्या कर्करोगाबद्दल गावातल्या बाईसाठी

कापसाची तिसरी वेचणी सुरू होती. उपकेंद्रात पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू आल्या, त्याही स्वतःसाठी नाही, नातवाच्या खोकल्याच्या औषधासाठी. उठताना खुर्चीवर डाग दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "मले काई नाई झालं, बाई. तालुक्याले सोनोग्राफी काढली ना, नार्मल आली." पाळी जाऊन चार वर्षं झालेली. पाच महिन्यांपासून लुगड्याला अधूनमधून डाग. तीन दवाखाने झाले होते. तिन्हीकडे रक्त थांबायच्या गोळ्या, एकीकडे सोनोग्राफी. टेबलावर घेऊन आतून मात्र एकाही ठिकाणी पाहिलं नव्हतं. आम्ही स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत पाहायचं साधन, घालून पाहिलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडावर फुलकोबीसारखी वाढ होती, कापूस टेकताच रक्त येत होतं. पाहायला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं पाच महिने कोणी दिली नव्हती.

मी बावीस वर्षं नर्स म्हणून खेड्यांत काम केलं, बहुतेक यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत. स्त्रियांच्या कर्करोगात सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं असं मला कोणी विचारलं, तर मी आधी आतून न झालेल्या तपासणीचं नाव घेईन. आपल्याकडे बाई शेवटची टेबलावर जाते ती बाळंतपणात. नंतर "ऑपरेशन झालं", म्हणजे कुटुंबनियोजनाचं झालं, की तो भाग जणू कायमचा बंद. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ते आजार बहुतेक साधे, बरे होणारे होते, कर्करोग नव्हते. पण ज्या टेबलावर साधा आजार सापडतो, त्याच टेबलावर कर्करोगही सापडतो.

आधी जागा समजून घ्या

गावात सगळ्याला मिळून "पिशवी" म्हणतात. त्यामुळे डॉक्टरांशी बोलताना गोंधळ होतो, म्हणून भाग वेगळे करून सांगते. गर्भाशय म्हणजे पिशवी. तिचं खालचं टोक योनीत उतरलेलं असतं, ते गर्भाशयमुख, पिशवीचं तोंड. पिशवीच्या दोन्ही बाजूंना गर्भनळ्या आणि त्यांच्या टोकाशी अंडाशयं. खाली योनीमार्ग आणि बाहेरचे ओठ. कर्करोग यातल्या कुठल्याही भागाला होऊ शकतो, पण प्रत्येकाची चाल वेगळी आणि तपासणीही वेगळी.

आपल्याकडे सर्वांत जास्त गर्भाशयमुखाचा. भारतात स्तनाच्या कर्करोगाखालोखाल स्त्रियांमध्ये याचाच क्रमांक लागतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षभरात सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू. मला हा आकडा फार लागतो, कारण हा कर्करोग असा आहे की तो व्हायच्या कितीतरी वर्षं आधी हाती लागतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आढळतो की बहुतेक विवाहित स्त्री-पुरुषांना कधी ना कधी लागून जातो. बाईच्या किंवा नवऱ्याच्या चारित्र्याशी त्याचा संबंध जोडू नका. त्या संशयापायी बायका तपासणीलाच येत नाहीत. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींत ठाण मांडतो आणि मग कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असलेल्या बाईत ५ ते १० वर्षंच. म्हणजे विशीत लागलेला विषाणू चाळिशीत रोग दाखवतो, आणि मधली सगळी वर्षं पेशींतला बदल टेबलावर दिसू शकतो.

कोणती खूण दिसली की थांबायचं नाही

पाळी पूर्ण बंद होऊन १२ महिने झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी ते तपासायचंच. याला अपवाद नाही. "पाळी पुन्हा आली वाटते", "उष्णता वाढली", "जड उचललं" ही कारणं मी शेकडो वेळा ऐकली आहेत. गेलेली पाळी वर्षानंतर परत येत नसते. बहुतेकींना कारण साधं निघतं, आतलं अस्तर सुकणं, मस, सूज. पण पिशवीच्या अस्तराचा कर्करोग याच एका खुणेने लवकर सापडतो, आणि लवकर सापडला तर बहुधा शस्त्रक्रियेनेच बरा होतो. लठ्ठपणा, मधुमेह, मूल न झालेलं असणं, वर्षानुवर्षं अनियमित पाळी, स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असणं, यातलं काही असेल तर अधिक घाई करा.

संबंधानंतर रक्त येणं. ही खूण बायका सांगतच नाहीत, विचारावी लागते. मी आशाताईंना सांगायची, सरळ विचारू नका, "मालक जवळ आल्यावर डाग पडतो का" असं विचारा, मान हलते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची ही ठळक खूण आहे. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी दहा-दहा दिवस चालणं, महिन्यात दोनदा येणं, हेही त्यातच.

अंगावरून पांढरं जाणं ही आपल्याकडची घरोघरची तक्रार. प्रत्येक पांढरं पाणी कर्करोगाचं नसतं, बहुतेक जंतुसंसर्गाचं असतं, काही तर अगदी नैसर्गिक. पण पाणी लालसर, मांस धुतलेल्या पाण्यासारखं, किंवा इतका वास की शेजारी बसलेलीला कळावं, आणि औषधाचा एक कोर्स होऊनही थांबत नाही, तर तो दुसऱ्या कोर्सचा विषय राहत नाही. आतून पाहण्याचा होतो.

अंडाशयाचा रोग सर्वांत फसवा. रक्त नाही, पाणी नाही. पोट फुगल्यासारखं वाटतं, चार घास खाल्ले की भरतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला वारंवार जावंसं वाटतं. बाई गॅसची गोळी घेते, ओवा खाते, "वातानं धरलं" म्हणते. यातला कुठलाही त्रास नवा सुरू झाला असेल, महिन्यातले १२ पेक्षा जास्त दिवस होत असेल आणि वय ४५-५० च्या पुढे असेल, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या. इथे सोनोग्राफी खरोखर उपयोगाची आहे, आणि योनीमार्गातून केलेली असेल तर अधिक. लुगड्याची गाठ सैल करावी लागते पण हातपाय काड्यांसारखे होत आहेत, असं दिसलं तर आठवडाभरही थांबू नका.

बाहेरच्या ओठांवर महिनोन्‌महिने खाज, पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा गाठ. मेडिकलमधली खाजेची ट्यूब लावून सहा आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टरांनी पाहून गरज वाटल्यास तुकडा तपासायला पाठवावा. हा रोग वयस्कर बायकांना होतो आणि त्या लाजेने दोन-दोन वर्षं दाखवत नाहीत. अंग बाहेर येणाऱ्या बाईच्या बाहेर आलेल्या भागावर घासून जखमा होतात, त्या बहुधा घासण्याच्याच असतात. तरी भरत नसतील तर त्याही तपासायच्या.

एक खूण तरुण बायकांची. गर्भपात, बाळंतपण किंवा द्राक्षगर्भ (पिशवीत बाळाऐवजी द्राक्षांसारखे फोड वाढतात तो) साफ केल्यानंतर रक्त थांबत नाही, आणि लघवीची गरोदरपणाची तपासणी आठवडे उलटूनही पॉझिटिव्हच येते. द्राक्षगर्भ झालेल्या बाईने पिशवी साफ झाल्यावर घरी बसायचं नसतं. बीटा एचसीजी ही रक्ताची तपासणी आधी दर आठवड्याला, ती नॉर्मल झाल्यावर पुढे डॉक्टर सांगतील तितके महिने करायची, आणि तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. कारण क्वचित त्यातून कर्करोग होतो. हा रोग औषधांना इतका चांगला दाद देतो की पसरला तरी बहुतेक जणी बऱ्या होतात, पुढे मूलही होऊ शकतं. फक्त तपासण्या सुटता कामा नयेत.

कंबर सतत दुखणं, एकच पाय सुजणं, लघवी किंवा संडास योनीतून झिरपणं, या उशिराच्या खुणा. त्या असतील तर थेट मोठं रुग्णालय गाठा.

अशक्तपणाबद्दल वेगळं सांगते. आपल्या भागात सिकलसेल आणि रक्तक्षय इतके आहेत की हिमोग्लोबिन सहा-सातवर आलं तरी "तिचं आधीपासूनच कमी असते" म्हणून सोडून देतात. चाळिशीपुढच्या बाईचं रक्त एकाएकी कमी झालं तर लोहाच्या गोळीसोबत एक प्रश्न हवाच: अंगावरून किती जातं? सिकलसेलचं कार्ड असेल तर ते पुढच्या प्रत्येक डॉक्टरला आधी दाखवा, भूल आणि औषधं त्यावर ठरतात.

जायच्या आधी

दिवस ठरवा आणि तो हंगामावर ढकलू नका. "कापसाचा चुकारा आला की जाऊ", "सोयाबीन सोंगलं की जाऊ", धानाच्या पट्ट्यात "रोवणी होऊ दे". एक महिना चालतो, पण हंगामाला हंगाम लागून वर्ष जातं हे मी पाहिलं आहे.

त्रास नसताना तपासणीला जात असाल तर पाळी येऊन दहा-बारा दिवस झालेले असावेत. आधीचे दोन दिवस संबंध टाळा, योनीत औषध किंवा गोळी ठेवू नका, आत साबण-पाणी घालून धुऊ नका. लघवी करून जा. पण रक्त थांबतच नसेल तर थांबायची वाट पाहू नका, रक्त चालू असतानाच जा. "डाग बंद झाला की येते" म्हणणारी बाई पुढच्या डागापर्यंत येत नाही.

एका कागदावर लिहून न्या, मुलीला किंवा नातवाला लिहायला सांगा: वय, पाळी कधी बंद झाली, रक्त कधीपासून, संबंधानंतर येतं का, बाळंतपणं किती, कोणती ऑपरेशनं झाली, साखर-बीपीच्या गोळ्या, एचआयव्हीची औषधं चालू असतील तर तेही. आई, मावशी, बहीण, आत्या यांपैकी कोणाला स्तनाचा, अंडाशयाचा, पिशवीचा किंवा आतड्याचा कर्करोग झाला होता का, हे आवर्जून लिहा. एकाच घरात स्तनाचा आणि अंडाशयाचा असेल तर बीआरसीए नावाच्या जनुकाचा दोष असू शकतो. अशा घरातल्या लेकी-बहिणींनी मोठ्या कर्करोग रुग्णालयात सल्ला घ्यावा. जुने कागद सगळे न्या, पिशवीत कोंबलेले असले तरी.

सोबत बाई न्या. सासू असली तर सासूच न्या. सुनेला तपासताना मी मुद्दाम सासूला पडद्याआड बसवायची, आणि सुनेची झाली की म्हणायची, "आत्या, आता तुमचं पाहू." सासूचा त्रास त्याच दिवशी निघायचा.

टेबलावर काय होतं

तुम्हाला पाठीवर झोपवून पाय दुमडायला सांगतात, वर चादर असते. स्त्री डॉक्टर हवी असेल तर मागा. डॉक्टर पुरुष असतील तर सोबत नर्स असलीच पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. स्पेक्युलम म्हणजे बदकाच्या चोचीसारखं साधन, ते योनीत हळूच उघडतात म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. दाब जाणवतो, सहसा दुखत नाही. श्वास सोडा, कंबर टेबलाला टेकवा, अंग आखडलं की मगच दुखतं. नंतर दोन बोटं आत आणि दुसरा हात पोटावर ठेवून पिशवी आणि अंडाशयं चाचपतात.

लक्षणं नसलेल्या बाईसाठी प्राथमिक केंद्रात आणि अनेक उपकेंद्रांत व्हीआयए करतात. पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, कापसाने लावतात आणि एक मिनिट थांबतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा होतो. निकाल तिथल्या तिथे कळतो, पुन्हा गाडीभाडं लागत नाही, म्हणून खेड्यासाठी ही तपासणी मोलाची. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केल्यावर या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण तिची एक मर्यादा आहे: पाळी गेल्यावर तपासायची नेमकी जागा आत सरकते आणि व्हीआयएमध्ये दिसत नाही. पन्नाशीपुढच्या बाईने पॅप किंवा एचपीव्हीची तपासणी मागावी.

पॅपमध्ये छोट्या ब्रशने पेशी घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. एचपीव्ही तपासणीत तोच नमुना विषाणूसाठी तपासतात. ही सर्वांत भरवशाची. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. त्या बायका आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या होत्या.

एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा. पिशवीच्या तोंडावर डोळ्यांना दिसणारी जखम किंवा वाढ असेल तर पॅपवर थांबायचं नाही. तिथे तुकडाच घ्यावा लागतो. सडलेल्या भागावरून घेतलेला पॅप खोटा नॉर्मल येऊ शकतो.

कागद हाती आल्यावर

व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग झाला असं नाही. अनेकदा सूज असते, काही वेळा कर्करोगाआधीचा बदल. पुढे कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पाहणं, आणि संशयाच्या जागेचा छोटा तुकडा. आधीचा बदल असेल तर थर्मल ॲब्लेशनने त्या जागेला काही सेकंद उष्णता देतात, किंवा लूपने, म्हणजे विजेच्या बारीक तारेने, तेवढा भाग काढतात. बहुतेकदा बाई त्याच दिवशी घरी जाते. नंतर काही आठवडे पाणी जातं, चार आठवडे संबंध टाळायचा, आणि वर्षाने पुन्हा तपासायचं.

पॅपच्या कागदावर "इन्फ्लमेटरी" असेल तर ती सूज आहे. "अनसॅटिस्फॅक्टरी" असेल तर नमुना नीट आला नाही, पुन्हा द्यायचा, नॉर्मल समजायचं नाही. एचएसआयएल, म्हणजे पेशींत कर्करोगाआधीचा मोठा बदल, लिहिलं असेल तर कॉल्पोस्कोपी महिनाभरात झालीच पाहिजे. बायोप्सीत, म्हणजे तुकड्याच्या तपासणीत, कर्करोगाआधीच्या बदलाला सीआयएन म्हणतात. सीआयएन १ बहुतेक आपोआप जातो, लक्ष ठेवतात. सीआयएन २ आणि ३ वर उपचार लागतो.

पाळी गेल्यावर रक्त आलेल्या बाईची योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तर मोजतात. ते ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर अस्तराचा तुकडा लागतो. पातळ असूनही रक्त पुन्हा पुन्हा येत असेल तरीही लागतो. आणि ती सोनोग्राफी कितीही चांगली आली तरी पिशवीच्या तोंडाचं उत्तर देत नाही, कारण तिथला लवकरचा रोग सोनोग्राफीत दिसतच नाही. कागदावर नॉर्मल असेल तेव्हा एवढंच विचारा: "डॉक्टर, तुम्ही आतून पाहिलं का?"

अंडाशयाच्या गाठीसाठी रक्तात सीए १२५ पाहतात. ३५ च्या वर आलं की घरात रडारड सुरू होते. पण ते पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिऑसिसमध्ये (पिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार), गाठींमध्ये आणि पोटाच्या टीबीमध्येही वाढतं. पोटात पाणी, वजन घटलेलं, सीए १२५ वाढलेलं, आणि शेवटी टीबी निघाला, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बाई उभी राहिली, असंही घडतं. म्हणून तुकड्याचा किंवा पाण्याचा तपास येईपर्यंत मनाने निकाल लावू नका. अंडाशयाच्या संशयास्पद गाठीत मात्र सुई घालून "पाणी काढून पाहू" असं कोणी म्हटलं तर कर्करोग तज्ज्ञांना विचारल्याशिवाय होकार देऊ नका, गाठ फुटून रोग पोटात पसरण्याचा धोका असतो. आणि कुठलाही त्रास नसताना दरवर्षी सीए १२५ करत बसू नका. अंडाशयासाठी निरोगी बाईची अशी उपयोगी नियमित तपासणी सध्या नाही.

"पिशवी काढून टाकू" म्हटलं तर

याच्यावर मी थोडी थांबते, कारण यात दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. पांढरं जातं, पोट दुखतं, वय अवघं पस्तीस, आणि बाईला सांगितलं जातं की पुढे कॅन्सर होईल, आत्ताच पिशवी काढा. शेत गहाण पडतं. संसर्गाच्या औषधाने बरी होणारी बाई ऐन उमेदीत पिशवी गमावते, अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात.

दुसरी बाजू अधिक भयंकर. आत खरोखर कर्करोग आहे, कोणी पॅप केला नाही, तुकडा घेतला नाही, आणि साधं पिशवीचं ऑपरेशन होऊन गेलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला लागणारी शस्त्रक्रिया वेगळी आणि मोठी असते, अनेकदा तर शस्त्रक्रियाच नको असते, किरणोपचार लागतात. अर्धवट ऑपरेशननंतर उपचार अवघड होतात.

म्हणून सही करण्याआधी तीन प्रश्न. पिशवी का काढायची? गर्भाशयमुखाचा पॅप किंवा एचपीव्ही, आणि रक्त जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासला का? काढलेली पिशवी प्रयोगशाळेत पाठवणार का, आणि तो कागद मला कधी मिळेल? तिसऱ्याचं उत्तर "गरज नाही" असं आलं तर दुसरीकडे दाखवा. ज्यांची पिशवी आधीच काढली आहे त्यांनी तो प्रयोगशाळेचा कागद शोधून ठेवावा. तोंड मागे ठेवून पिशवी काढली असेल तर तोंडाची तपासणी चालूच ठेवायची असते.

कुठे जायचं, पैसा कसा उभा करायचा

सुरुवात गावातूनच. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची माहिती आशाताई भरतात, उपकेंद्रात सामुदायिक आरोग्य अधिकारी असतात. सरकारी धोरणानुसार ३० ते ६५ वयाच्या बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तीन तपासणी दर ५ वर्षांनी व्हायला हवी. खर्रा, नस, गुल असा कुठलाही तंबाखू चालू असेल तर तोंड दाखवाच. एचआयव्ही असलेल्या बाईने पंचविशीपासून, तीन ते पाच वर्षांनी, एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, विचारून करावं. तुमच्या केंद्रात टेबल किंवा साहित्य नसेल तर ग्रामीण रुग्णालय, नाही तर जिल्हा स्त्री रुग्णालय. चिठ्ठी मागून घ्या, चिठ्ठीवर "गर्भाशयमुखाची संशयास्पद जखम" असं स्पष्ट लिहायला लावा, नुसतं "अंगावर जाणे" नको. त्या शब्दांवर रांग बदलते.

पुढच्या उपचारांसाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथलंच राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था ही आपल्या हाताशी असलेली ठिकाणं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. शिधापत्रिका आणि आधार न्या, दोन्हींवरचं नाव जुळतं का ते घरीच बघा, माहेरचं-सासरचं नाव वेगळं असल्याने बायका परत फिरतात. रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. बायोप्सीचा मूळ कागद आणि काचपट्ट्या जपा, दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा तपासायला त्याच लागतात. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहेच, कर्करोगाच्या रुग्णासाठी एसटीत आणि रेल्वेत वेगळी सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाकडून दाखला घ्या.

लेकींसाठी लस

एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मागे असतात, आणि लस त्यांना अडवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. उत्तम वय ९ ते १४, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्याआधी. या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधरानंतर तीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कोवळ्या वयात एक डोसही चालेल असं सांगितलं आहे. सरकारी लसीकरणात कोणत्या वयाला, किती डोस, कोणत्या दिवशी, ते आशाताई किंवा शाळेत विचारा. लसीनंतर दंड दुखतो, एखादी मुलगी घाबरून चक्कर येऊन पडते, म्हणून १५ मिनिटं बसवून ठेवा. "पोरीले पुढं लेकरू होत नाही" ही अफवा आहे, लसीत जिवंत विषाणूच नसतो. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण सगळे प्रकार लसीत नाहीत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलची वाटी देतो आपण. एका गावात बचत गटाच्या बायकांनी त्या दिवशी ९ ते १४ वर्षांच्या मुलींची आणि तिशीपुढच्या बायकांची यादीच केली, आणि पुढच्या बुधवारी अठरा जणी एका गाडीत बसून प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्या. एकटीला लाज वाटते, अठरा जणींना वाटत नाही.

रोग निघाला तर

बायोप्सीनंतर एमआरआय किंवा सीटी करून रोग किती पसरला ते ठरवतात. त्याला टप्पा म्हणतात, आणि कोणता उपचार ते टप्प्यावर अवलंबून असतं. गर्भाशयमुखाचा लहान रोग मोठ्या शस्त्रक्रियेने निघतो. पुढच्या टप्प्यात किरणोपचार, ज्याला आपण "शेक" म्हणतो: आठवड्याचे पाच दिवस, साधारण पाच आठवडे, सोबत आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध, आणि शेवटी आतून शेक. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे. मधे खंड पडला तर बरं होण्याची शक्यता घटते. जुलाब लागले, भूक गेली, तरी शेक स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध असतं. आणि "रक्त थांबलं, बरी झाली" म्हणून आतला शेक न घेता गावी परतणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. वर्षाच्या आत त्यांचं रक्त पुन्हा सुरू झालं. आधीच विचारा की एकूण किती शेक, आतले किती, शेवटची तारीख कोणती, आणि ती तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहा. निंदणाला त्या दोन महिन्यांत दुसरी बाई लावा. नागपुरात राहायची सोय, धर्मशाळा, जेवण, याची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करा. हिमोग्लोबिन कमी असेल तर शेकाआधी रक्त चढवून घ्या, अशक्त रक्तात शेक कमी लागू पडतो.

शेक संपल्यावर योनी आखडू शकते. डायलेटर, म्हणजे योनी मोकळी ठेवायची नळी, कसा वापरायचा ते नर्सला विचारा, बायका हे विचारत नाहीत आणि मग पुढची तपासणीही करता येत नाही. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला जा, नंतर सहा महिन्यांनी. मधल्या काळात डाग दिसला, एक पाय सुजला किंवा कंबर सतत दुखू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा, आणि तिथेही टेबलावर तपासल्याशिवाय परत येऊ नका.